पाण्याच्या गोळ्याची मान

दिवा मालव गं सुखदा. अद्वैत, तो मोबाईल पालथा ठेव. तुम्ही पुण्याहून आलेली मंडळी, भुतं म्हटलं की हसता. हसा. पण अजितनं ही गोष्ट राजाजीनगरच्या याच उंबऱ्यावर बसून सांगितली, तेव्हा त्याचे दात वाजत होते.

अजित तुमच्यासारखाच, इथंच बंगळुरात, एचएसआर लेआउटमध्ये नोकरीला. एमआरआय काढताना डोकं हललं की चित्र पुसट येतं. नुसत्या श्वासानंही आतलं चुंबकक्षेत्र स्वल्प बदलतं. याचा प्रोग्राम दोन्ही टिपायचा, पडद्यावर त्यांच्या दोन रेघा काढायचा आणि चित्र सरळ करायचा. पोरगा हुशार, वादच नाही. गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, रात्री साडेअकराला, तो शहराबाहेर होसकोट्याच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मशीन तपासायला गेला. पेशंट संपले की आत पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा गोळा ठेवून बघतात. गोळा हलत नाही, श्वास घेत नाही. रेघा सपाट आल्या की घरी जायचं.

त्याआधी नऊ दिवस, त्याच जागी माझी थोरली बहीण झोपली होती. वसुमतीअक्का. डोकं दुखायचं म्हणून. त्या दिवशी अजितचा प्रोग्राम बघायला बडी मंडळी आलेली. घाबरलं तर दाबायला पेशंटच्या हातात एक रबरी फुगा देतात. अजितनं तो खुंटीला टांगायला लावला. म्हणे, म्हातारी माणसं उगाच दाबतात आणि स्कॅन मोडतो! अक्का आत मान हलवायला लागली. ऑपरेटर गुरुराज म्हणाला, "थांबवू या सर, घाबरल्यात त्या." हा म्हणतो, "हलू दे रे, प्रोग्राम कशाला आहे?" चित्र लख्ख आलं. टाळ्या पडल्या. बाहेर काढलं तेव्हा अक्का गेलेली होती.

आणि मला काय सांगितलं? "काका, अगदी शांत होत्या. हलल्या असत्या तर चित्र इतकं स्वच्छ आलं असतं का?" घरी जायच्या आधी रेघांची नोंद पुसून टाकली होती मेल्यानं.

दहाव्याला कावळा शिवेना. तिच्या नातीचं, स्मिताचं लग्न कबूल केलं, बांगड्या तिलाच देईन म्हणालो, घर विकणार नाही म्हणालो. ऊन कललं, तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा केला. त्याच रात्री हा होसकोट्याला.

गुरुराज खाली चहाला गेला. अजितनं स्कॅन लावला. रेघा सपाट. सरी, सगळं ठीक. त्यानं जांभई दिली.

मग मानेची रेघ हलली.

बाहेरून लॉरी गेली असेल, त्याला वाटलं. मोठं लोखंड जवळून गेलं की क्षेत्र हलतं. रस्ता रिकामा होता. रेघ डावीकडे... उजवीकडे... डावीकडे. खाली श्वासाची रेघ चढली. उतरली. चढली. भराभर.

त्यानं काचेतून पाहिलं. गोळा जागच्या जागी.

स्कॅन बंद केला. मशीनची खडखड थांबली. रेघा थांबल्या नाहीत.

डावी. उजवी. डावी.

ही चाल त्यानं पाहिली होती. स्वतःच्या हातानं पुसली होती.

त्यानं माईकचं बटण दाबलं. "अक्का... थांबवलंय. थांबवलंय हो..."

श्वासाची रेघ चढली. उतरली...

सपाट झाली.

सकाळी सहाला हा माझ्या दारात. सगळं ओकला. अरे, आम्ही बांगड्या कबूल केल्या, लग्न कबूल केलं, घर कबूल केलं... तिला एवढंच हवं होतं रे, की मला बाहेर काढा. मी म्हटलं, "अजित, जे झालं ते कागदावर लिहून दे." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. नुसती मान हलवली. डावी, उजवी. नोकरी जाईल म्हणाला.

गुरुराज मात्र संध्याकाळी आला. हे देऊन गेला. त्या रात्री गोळा काढायला तो आत गेला, तेव्हा खुंटीवरचा हा फुगा असा चेपलेला होता, मुठीत आवळल्यासारखा. वर्ष होत आलं. घे सुखदा, हातात घे. चाचपून बघ. भोक नाही, चीर नाही...

अजून फुगत नाही.