हाकेतलं बारावं नाव

बसा किशनराव, लाइट गेली म्हणून उठू नका. येईल तासाभरात. कंदील आहे, चहा आहे. प्लॉट तुम्ही उजेडात पाहिलात, आता शेजार कसा आहे ते माझ्याकडून ऐका.

परभणीत घर बांधायचं तर याच कॉलनीत बांधा, हे मी कुणालाही सांगते. आम्ही पेडगावहून आलो ते पंच्याऐंशी साली. हे विद्यापीठात कारकून, रोजच्या एसटीनं बेजार झालेले. नागनाथ पाच वर्षांचा, शाळेत घालायचा होता. इथे तेव्हा आठच घरं, बाकी चुन्याच्या रेघा. पण घरात नळ, चालत जाता येईल अशी शाळा, मोंढ्याचा बाजार हाकेच्या अंतरावर. पहिल्या सकाळी मी तोटी फिरवली आणि घागर आपोआप भरली, तेव्हा मी एकटीच हसत उभी राहिले. खोटं कशाला बोलू!

जीव घाबरायचा तो फक्त विहिरीनं. ज्या रानात कॉलनी पडली, त्या रानाची ती विहीर शेवटच्या प्लॉटमागे होती, बिनकठड्याची. सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं, “गावात लेकराकडं धा जनी बघत्यात. तिथं कोन हाय? त्याला काय झालं तर माज्या दारात येऊ नको.”

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कणकेच्या हातानंच नागनाथला शोधायला निघाले. फाटकाशी पोचते न पोचते तोच कॉलनीच्या टोकाकडून बाईचा आवाज आला. घोगरा, पण मायेचा. “दिवे लागले… नागनाथ, घरी चल.” मग दुसऱ्या पोराचं नाव, तिसऱ्याचं. कॉलनीत पोरं अकरा, अकराही जणांची नावं घेतली. पोरं विहिरीकडून धूळ उडवत पळत आली आणि नागनाथ माझ्या पायांना धडकला.

माझे डोळे भरून आले. तीन दिवसांत कुणीतरी माझ्या लेकराचं नाव पाठ केलं होतं! असा शेजार गावातही मिळायचा नाही. आवाजानं शेवटी बारावं नाव घेतलं, जरा थांबून. “मैना…” मैना नावाचं पोर कॉलनीत नव्हतं. मी म्हटलं, असेल हाक मारणारीचीच. टोकाच्या घरात कस्तुराबाई राहायच्या, आवाज त्यांचाच असणार, मैना त्यांच्याकडे पाहुणी आलेली असेल.

वर्षभर रोज ती हाक आली आणि वर्षभर मी विहिरीची काळजी केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कस्तुराबाईंच्या गच्चीवर पापड लाटायला आम्ही आठही घरच्या बायका जमलो. मला तेव्हा पाचवा महिना होता. उडदाच्या पिठाचा वास, लाटण्यांचा आवाज, हसणं-खिदळणं. दिवस कधी मावळला ते कळलं नाही. मग वाऱ्यावर शेवाळाचा ओला वास आला आणि खालून आवाज… “दिवे लागले… नागनाथ, घरी चल.”

लाटणी थांबली. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहायला लागलो. आठही तोंडं बंद होती.

एकीनं विचारलं, “कस्तुराबाई… तुमी न्हाईत?”

“मला तर वाटायचं तुमी हाव.”

खाली अकरा पोरं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. बारावं नाव गच्चीच्या अगदी खालून आलं. शेवटी कस्तुराबाईच पुटपुटल्या, “घरीच बोलवायलीय नव्हं? मग… बोलवू द्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रानाच्या जुन्या मालकाला, व्यंकटरावांना गाठलं. ते म्हणाले, “त्या रानात कुनी मेलं न्हाई. कुनी राह्यलंबी न्हाई.” आता सांगा, कुणाची शांत करायची? आणि जायचं तरी कुठे? असलं काही मागे लावून गेले तर पेडगावला सासूबाई मला दारात उभं करणार नव्हत्या. आम्ही राहिलो.

श्रावणात मला मुलगी झाली. बारशाला नणंद गोजरबाई जिंतूरहून दुपारच्या गाडीनं आल्या. त्यांनी ती हाक कधी ऐकलेली नव्हती. नाव आत्यानं ठेवायचं, आधी कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. त्या पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात “कुर्रर्र” केलं. आम्ही त्यांच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले. त्या हसून मोठ्यानं म्हणाल्या, “मैना!”

उचललेले हात वरच राहिले.

“वन्सं, हे नाव कुठून आणलंत?”

“काय की वैनी… मी सुलोचना ठरवून आले व्हते. वाकले आन् हेच तोंडात आलं.”

त्या संध्याकाळी मी पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळून बसले. अकरा नावं झाली. बारावं आलंच नाही. आणि माझ्या खिडकीशी, अगदी हळू, एकच शब्द… “आली.”

त्यानंतर तो आवाज कधी आला नाही. विहीर बुजवली. तिच्यावर मुलांची बाग झाली, झोपाळे तुम्ही पाहिलेतच. पण आली म्हणजे कुणाकडे आली? सात वर्षं मी हाच विचार करतेय. दिवे लागले की मी मैनाचा हात धरून बसायचे.

दोन महिन्यांपूर्वी तिनं हात सोडवून घेतला, पायरीवर उभी राहिली आणि हाका मारल्या. तोच घोगरा आवाज, तीच अकरा नावं, त्याच क्रमानं. त्यातली निम्मी पोरं आता कॉलेजात आहेत! आत अभ्यासाला बसलेला माझा नागनाथ उठून दारात येऊन उभा राहिला. तेव्हापासून रोज हेच. दिवसभर ती माझी लेक असते. दिवेलागणीपासून झोपेपर्यंत मी हाक मारली तर वळूनही बघत नाही. मला माझी लेक पुरती हवी हो, किशनराव. रात्रीची सुद्धा.

आणि बारावं नाव आता वेगळं आहे. त्या नावाचं कॉलनीत कुणी नाही.

तुमच्या मंडळींना सातवा महिना आहे म्हणालात. मुलगा झाला तर नाव काय ठेवणार? सांगा ना, मी कुणाला सांगत नाही.

“वडील वारले औंदा… त्यांचंच ठिवायचं हाय. सूर्यभान.”

सूर्यभान. बरं झालं, तुमच्याच तोंडून आलं.

ऐका… पायरीवर मैनाच आहे. “दिवे लागले…” नऊ, दहा, अकरा. बारावं घेत नाहीये आज. हा ओला वास तुम्हालाही आला? आणि खिडकीशी ते… “आला” असंच ऐकलंत ना तुम्हीही?

ये ग मैना, आत ये. काय म्हणालीस? भूक लागली? परत म्हण. आई म्हण परत!

अहो, चप्पल कशाला शोधताय? तुमच्या देवगाव फाट्याला आता गाडी नाही. बसा किशनराव, आता तुम्ही आमचे शेजारी झालात.