तस्लीमची जागा

त्या वर्षी महिला फुटबॉल लीगमधल्या प्रत्येक संघात सहवेध झालेल्या जोड्या होत्या. जोडीशिवाय संघ उतरवणं म्हणजे पोरींना अनवाणी उतरवणं, असं कोच मंडळी म्हणत. प्रेक्षकांनाही सवय झाली होती. एक मुलगी मान वर न करता मोकळ्या गवतावर चेंडू ढकलायची आणि दुसरी नेमकी तिथे पोचलेली असायची. पूर्वी अशा पासवर लोक उठून उभे राहत, आता बसल्या जागी टाळी वाजवून पुन्हा शेंगा सोलायला लागत.

कोल्हापुरात मात्र एका जोडीसाठी लोक अजून उठायचे. पंचगंगा महिला संघात मधल्या फळीत उल्का सरनोबत खेळायची आणि डाव्या विंगवर तस्लीम मुजावर. तीन हंगाम दोघींनी गाजवले. चौथ्या हंगामाआधी, पावसाळ्यात, तस्लीम डेंग्यूच्या तापानं गेली. बावीस वर्षांची होती.

हंगाम सुरू झाला तेव्हा तिच्या जागी सानिका नावाची नवी मुलगी आली होती. पायात वेग होता, कष्टाळू होती. पहिल्याच सामन्यात उल्कानं डाव्या कोपऱ्याकडे एक लांब, सुरेख पास सोडला. तिथे कुणीच नव्हतं. सानिका बरीच मागे उभी राहून चेंडू पायात मागत होती. चेंडू रेषेबाहेर गेला. थोड्या वेळानं तसाच दुसरा गेला, मग तिसरा.

मध्यंतरात कोच भारती पोवार उल्कासमोर येऊन बसल्या.

"उल्का, डावीकडं कोण हाय आता?"

"सानिका."

"मग तिला बघून दे की."

"बघूनच देते, ताई. बघते तेव्हा सानिकाच दिसते. पाय मारताना तिथे तस्लीम असते."

हे कसं होत होतं ते समजायला सहवेध म्हणजे काय ते सांगायला हवं.

लांब पास पोचेपर्यंत धावणारी मुलगी बरीच पुढे गेलेली असते. म्हणून पास ती आहे तिथे देत नाहीत, ती असेल तिथे देतात. ती कुठे असेल हे डोळ्यांना दिसत नाही, ते मेंदूला ओळखावं लागतं. एकाच गल्लीत लहानपणापासून खेळलेल्या दोघांना ते आपोआप जमतं, पण त्याला वर्षं लागतात. डॉ. नीलांबरी आठल्ये यांनी ती वर्षं काही महिन्यांत बसवली. दोन खेळाडू पातळ टोप्या घालून एकत्र सराव करत. एकीनं वळायचं ठरवलं की त्याच क्षणी दुसरीच्या मेंदूला टोपीतून हलकासा धक्का मिळे. काही महिन्यांनी टोप्यांची गरज उरत नसे. तोवर प्रत्येकीच्या डोक्यात दुसरीची एक छोटी प्रतिकृती तयार झालेली असे: ती आधी कुठला पाय टाकते, दमल्यावर काय करते, हट्टाला पेटल्यावर काय करते. या प्रतिकृतीला डॉक्टरांनी प्रतिमन असं नाव दिलं होतं.

प्रतिमन मैदानाच्या रेषेपाशी थांबत नाही, हे पुढे लक्षात आलं. तस्लीम हॉटेलात काय मागवेल, कुठल्या गोष्टीवर रुसेल, कुठला विनोद तिच्या तोंडाशी आला आहे, हे उल्काला आधीच कळायचं. कधीकधी तीच तो विनोद सांगून टाकायची आणि तस्लीम चिडायची. दोघींच्या घरच्यांना याची गंमत वाटे.

आता तस्लीम नव्हती आणि प्रतिमन होतं.

डॉ. आठल्ये यांनी उल्काला प्रयोगशाळेत बोलावून पुन्हा टोपी घातली, पडद्यावर डाव्या विंगचं रिकामं गवत दाखवलं आणि मेंदूचा आलेख पाहिला.

"ती अजून धावते," उल्का म्हणाली.

"ती धावत नाही, बाळ. तुझा मेंदू तिच्याबद्दल अंदाज बांधतो आहे. तो प्रश्न विचारतो, आता तस्लीम काय करील? आणि उत्तरही तोच देतो."

"ती होती तेव्हाही तो हेच करत होता ना?"

"हो."

"मग माझ्या डोक्यात फरक काय पडला?"

अशा प्रश्नांची उत्तरं डॉक्टर परिषदांमधून देत आल्या होत्या. इथे मात्र त्यांनी सहवेध उलटा फिरवता येतो, एवढंच सांगितलं. त्याला त्या निवळणी म्हणत. प्रश्न उठला की तो हलकेच शांत करायचा, पुन्हा उठला की पुन्हा शांत करायचा. काही बैठकांनी तो उठेनासा होतो.

"मी तिला विसरेन?"

"नाही. आठवणी वेगळ्या असतात. तिचा चेहरा, आवाज, तुमचे सामने, सगळं राहील. ती पुढे काय करील, हे विचारणं फक्त थांबेल."

हिवाळ्यात राष्ट्रीय संघाचं शिबिर होतं. उल्काचं नाव त्यात यायचं होतं, पण असे पास गेले तर येणार नव्हतं. तरी तिनं लगेच होकार दिला नाही.

तस्लीमचे वडील, दस्तगीरचाचा, प्रत्येक सामन्याला येत. त्यांचं बॅटरी रिक्षा दुरुस्त करायचं दुकान होतं आणि तरुणपणी ते एका तालमीच्या फुटबॉल संघाचे गोली, म्हणजे गोलरक्षक, होते. दुसऱ्या सामन्यानंतर उल्का त्यांच्याजवळ जाऊन पायरीवर बसली.

"चाचा, तुम्ही नका येत जाऊ."

"का गं?"

"मला लाज वाटते. तुमच्या डोळ्यांदेखत मी तिच्या जागेवर चेंडू मारते आणि लोक हसतात."

"मी त्यासाठीच तर येतोय." चाचांनी मैदानाकडे पाहिलं. "पहिल्या मॅचला वाटलं, पोरीचा पाय बिघडला. मग त्याच कोपऱ्यात दुसरा चेंडू गेला. गोली नुसता चेंडू बघत नाही, उल्का. चेंडू कुणासाठी निघालाय ते बघतो. मग मला दिसायला लागलं. इथनं निघाली, इथं आत वळली, इथं थांबून हात वर केला. घरात तिची खोली हाय, कपडे हायत. पण हलताना ती मला फक्त इथं दिसती."

उल्कानं त्यांना निवळणीबद्दल सांगितलं. ते सांगताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"तुला काय पाहिजे?" चाचांनी विचारलं.

"झोप पाहिजे, चाचा. कॉटवर पडले की ती डावीकडून धावायला लागते. मी पास देते आणि तो कुणालाच पोचत नाही. सकाळपर्यंत तेच."

"मग करून घे," ते म्हणाले. "तुझ्या आईबापाला तू जिवंत हाईस. करून घे." मग त्यांनी विचारलं, "त्याआधी एक मॅच खेळशील? अशीच. डोकं लावून अडवू नको, जाऊ दे चेंडू जातोय तिकडं. तिच्या अम्मीला, रुक्सानाला घेऊन येतो. ती अजून मैदानावर आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासोबत डॉक्टरांकडे आले. आपण काही वावगं मागतो आहोत अशा संकोचानं त्यांनी विचारलं, "हिच्या डोक्यातलं जे काढणार, ते माझ्या डोक्यात घालता येईल का?"

"नाही येणार, मुजावरसाहेब. ते काढून डबीत ठेवण्यासारखं नसतं. तो उल्काच्याच मेंदूला पडलेला आकार आहे. तुमच्या डोक्यात तसाच बसवायचा, तर समोर तस्लीम हवी."

"म्हणजे जाणार ते जाणारच."

"तुमच्याकडेही आहे ते. बावीस वर्षं वाढवलीत तिला. माझ्या टोपीशिवाय तयार झालं ते."

चाचांनी मान हलवली. "माझ्यातली उंबऱ्यात उभी राहून 'जाते' म्हणती," ते म्हणाले. "धावत न्हाई."

पुढचा सामना मिरजेच्या संघाशी होता. उल्कानं त्या दिवशी स्वतःला अडवलं नाही. इतके दिवस ती पाय मारता मारता दिशा बदलायला धडपडत होती, त्यामुळे पास धड तस्लीमला नाहीत आणि धड सानिकाला नाहीत असे जात होते. आज ते स्वच्छ गेले. डाव्या कोपऱ्याकडे, दोन बचावपटूंच्या मधून, कधी उंच, कधी गवताला चिकटून. तस्लीम असती तर त्यातल्या निम्म्यांवर गोल झाले असते. रिकाम्या गवतावरून एकेक चेंडू बाहेर जात होता. लोक आधी हसले, मग शिट्ट्या सुरू झाल्या.

वरच्या पायरीवर रुक्साना नवऱ्याशेजारी बसली होती. तिला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. चाचा तिच्या कानाशी हळू आवाजात सांगत होते, "आता निघाली बघ. आत वळली. आता थांबली, दमली जरा. आता हात वर करून मागतीया." रुक्साना रिकाम्या जागेकडे टक लावून बघत होती. मागे बसलेल्या पोरांनी उल्काला शिवी दिली, तेव्हाही तिनं मान वळवली नाही.

उत्तरार्धात मिरजेचा तिसरा गोल झाला आणि भारतीताईंनी उल्काला बाहेर घेतलं. बाहेर येताना तिनं वर पाहिलं. सगळे बसले होते, फक्त रुक्साना उभी होती.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत सानिका भिंतीकडे तोंड करून बसली होती. उल्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मीपण धावत होते, ताई," सानिका म्हणाली. "सगळी मॅच. तू एकदाही बघितलं नाहीस."

आपण उद्याच डॉक्टरांकडे जायचं, हे उल्कानं तिथे ठरवलं.

निवळणीत दुखत काही नाही. उल्काला टोपी घालून पडद्यावर जुने सामने दाखवत. त्यात तस्लीम धावायची. ती वळायच्या आधीच उल्काच्या मेंदूत अंदाज उमटायचा आणि टोपीतली लहर त्यावर हलकेच पाणी टाकायची. सुरुवातीला उल्का प्रत्येक वळण आधी सांगू शकत होती. मग काही चुकायला लागली. शेवटच्या बैठकीत तस्लीम कोपऱ्याकडे जाता जाता एकदम आत वळली आणि उल्का दचकली. ती आत वळेल असं तिला वाटलं नव्हतं.

डॉ. आठल्ये यांनी यंत्र बंद केलं. "झालं," त्या म्हणाल्या. आवाज मात्र काम फत्ते झालेल्या माणसासारखा नव्हता.

निवळणी खरोखरच उत्तम झाली. पुढच्या सामन्यात उल्काच्या पासवर सानिकानं दोन गोल केले. पंचगंगा पुन्हा जिंकू लागली. उल्का शिबिराला गेली, निवडली गेली, वजनही थोडं वाढलं. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. शिबिराहून परत आल्यावर एका दुपारी ती पेढे घेऊन मुजावरांच्या घरी गेली. दोघांना फार आनंद झाला. रुक्सानानं तिला जेवायलाच बसवलं.

"तालमीची मंडळी आलेली परवा," चाचा म्हणाले. "मुलींची स्पर्धा भरवणार हायत. तिला तस्लीमचं नाव द्यायचं म्हणतात. मी म्हटलं, उल्काला विचारतो. तिला आवडलं असतं का गं हे?"

पूर्वी प्रश्न पुरा व्हायच्या आत उल्कानं उत्तर दिलं असतं. आता तिनं आठवून पाहिलं. तस्लीमचा चेहरा आठवला. बूट घालताना आधी डावी नाडी बांधायची तेही आठवलं. सहलीतली, बक्षीस समारंभातली, दवाखान्यातली तस्लीम आठवली. सगळं स्पष्ट होतं आणि सगळं जागच्या जागी थांबलेलं होतं.

"सांगता येत नाही, चाचा."

"हसली असती? का चिडली असती?"

"माहीत नाही मला."

चाचांचा घास हातातच राहिला. हे बोलताना आपल्याला वाईट वाटायला हवं, हे उल्काला कळत होतं. तिनं स्वतःच्या मनात ते वाईट वाटणं शोधून पाहिलं. मग समोरची भाकरी संपवली. खिमा छान झाला होता, तिनं आणखी थोडा मागून घेतला.

रुक्साना तिच्याकडे बघत होती. तिच्या भरलेल्या गालांकडे, शांत डोळ्यांकडे.

"झोप लागती आता?" तिनं विचारलं.

"लागते, चाची. लगेच."

"आणि दिवसा? मध्येच काय होत न्हाई?"

"नाही. बरं वाटतं."

रुक्सानानं वाटी भरून तिच्यापुढे ठेवली आणि तिथेच बसली. "माझ्या हातानं अजून तिघांचं पीठ घेतलं जातं," ती म्हणाली. "रोज ठरवते, दोघांचंच घ्यायचं. हात ऐकत न्हाई. संध्याकाळी बसच्या वेळेला कान दाराकडं लागतात. ती बूट आपटंल, अम्मी म्हणंल, असं वाटतं. मग शांत. रोज नव्यानं शांत." तिनं पदरानं ओठ पुसले. "त्या डॉक्टरीणबाई टोपी घातलेल्यांचंच करतात, का आईचंपण करून देतील?"

उल्कानं चाचांकडे पाहिलं, पण खोटं बोलायचं काही कारण तिला दिसेना. डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं की आता त्यांना रोज फोन येतात. फोन करणाऱ्यांचा फुटबॉलशी काही संबंध नसतो. कुणाची बायको गेलेली असते, कुणाचं मूल.

"आईचंही होतं म्हणतात, चाची. वेळ जास्त लागतो. पण होतं."

"रुक्साना," चाचा म्हणाले. "तू करून घेतलंस तर मी तिचं कुणाशी बोलू?"

रुक्सानानं त्यांच्या ताटातली गार झालेली भाकरी उचलून त्या जागी गरम वाढली.

"तुम्हीपण चला की माझ्यासंगं," ती म्हणाली.

दस्तगीरचाचांनी गरम भाकरीचा तुकडा मोडला. नको, असं ते म्हणाले नाहीत.