मसणमावशीचा आवाज

पहिल्यांदा खटकलं ते एवढंसं होतं. नव्या भागाच्या रेकॉर्डिंगमध्ये मसणमावशीच्या प्रत्येक वाक्याआधी 'फस्स' असा बारीक आवाज येत होता, सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा.

निकिताने हेडफोन नीट बसवले. दुपारचे तीन वाजलेले. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच, पंखासुद्धा बंद. मग हे आलं कुठून?

मसणमावशी म्हणजे निकिताच्या भयकथांच्या कार्यक्रमाची यजमानीण. सरणाच्या राखेत फतकल मारून बसायची, ऐकणाऱ्यांना 'या, माझ्या लाकडांनो' म्हणायची आणि दर रविवारी नवी गोष्ट सुरू करून द्यायची. तिचा तो घोगरा, फाटका आवाज निकिता स्वतःच काढायची. लोक त्या आवाजावर फिदा होते. तो उचलला कुणाचा, हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो निफाडच्या कुसाकाकूचा. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूच्या गळ्याला भोक ठेवलं होतं. बोलायचं तर त्यावर बोट दाबावं लागे, नाहीतर नुसती हवा सुटे. आखाजीच्या सणाला ओट्यावर कुणीतरी मोबाइलवर तो कार्यक्रम लावला, तेव्हा काकूने बोट दाबलं.

"निके, ही बया माझ्यावानी बोलती गं."

"नाही गं काकू, ते मशीन बोलतं."

"मशीनलाबी कॅन्सर झाला व्हय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने निकिता.

आज सकाळी गोदाघाटावर काकूचा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. काकूचा मुलगा योगेशदादा हात जोडून म्हणाला, गाय विकणार नाही. वहिनीने नातीला शिकवायचा शब्द दिला. कावळे भिंतीवरून नुसते बघत राहिले. आणखी कुणाच्या मनात काही असेल तर बोला, असं गुरुजी म्हणाले, तेव्हा निकिताच्या ओठांशी आलं होतं... काकू, चुकले, ती बया बंद करते. पण पन्नास माणसं उभी होती. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

आणि हा नवा भाग तर तिने सुतकातच रेकॉर्ड केला होता.

तिने 'फस्स' कापून टाकलं. पुन्हा ऐकलं, होतंच. नव्याने रेकॉर्ड केलं, तरी होतं. मग माइक चालू ठेवून ती मिनिटभर तोंड मिटून नुसती बसली. त्या मिनिटातही तीनदा आलं... कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि जमू नये, तसं.

तिने हेडफोन काढून टाकले. आता योगेशदादाला सांगून टाकायचं. शिव्या देऊ दे, पुन्हा तोंड दाखवू नको म्हणू दे. तिने फोन लावला. उचलला नाही. परत लावला. चारदा.

पाचव्यांदा उचलला.

"दादा, मी निकिता. माझं चुकलं रे... काकूचा आवाज मी..."

पलीकडे भांडी लावल्याचा आवाज होता, तो थांबला. योगेशदादा अगदी हळू म्हणाला,

"आई... निकीचा फोन तुझ्याकडं कसा?"