नेटवरचं सगळ्यांचं

"नमस्कार, मी आपली काय सेवा करू?" हे वाक्य तिने सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते जांभईसारखं आपोआप बाहेर पडायचं.

"सेवा राहू द्या, नेट द्या," पलीकडचा माणूस म्हणाला. "भर भांडणात गेलंय हो. अर्धं वाक्य लिहून झालं होतं माझं."

"भांडण... नेटवर?"

"‘बाकडं’ म्हणून वाद घालायची एक जागा आहे. तिथे ठिणगी नावाची एक बाई आहे. बाई आहे की रिटायर झालेले आजोबा, देव जाणे. पण जीभ अशी, की कात्री परवडली. आता ती सगळ्यांना सांगत असणार, घुबडाने, म्हणजे मी, शेपूट घातली म्हणून."

तिने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. कारण ठिणगी ती स्वतःच होती, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून तिने शब्दशः हेच लिहिलं होतं.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. त्या शहरात इंटरनेट देणारी कंपनी एकच. तारा तिच्या, खांब तिचे, दर तिचे. दुसऱ्या कुणी तारा टाकायला परवानगी मागितली, की कंपनीचे वकील असे काही कायदे काढायचे की मागणारा कंटाळून घरी जायचा. आपली नायिका याच कंपनीच्या तक्रार विभागात बसून दिवसभर लोकांची माफी मागायची. आणि घरी गेली की ठिणगी नावाने बाकड्यावर याच कंपनीची सालं काढायची. कुणाला पत्ता लागला असता तर त्याच दिवशी नारळ मिळाला असता. दादाचं वर्कशॉप बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर चाललेलं, त्यामुळे ठिणगी कोण हे घरात फक्त वहिनीला माहीत होतं.

आणि घुबड हा बाकड्यावरचा तिचा हक्काचा शत्रू. त्याचं म्हणणं, ज्याने जे घडवलं ते त्याचं. चित्र असो, गाणं असो, नाहीतर तारा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

"चित्र तुझं, मान्य," ती लिहायची. "पण रस्ताच एकाच्या मालकीचा झाला, तर ते चित्र माझ्यापर्यंत येणार कसं?"

"ज्याने रस्ता बांधला त्याला विचारून ये."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर त्याच्याशी भांड. माझ्याशी कशाला?"

तुझ्याशी भांडायला मजा येते म्हणून... एवढं तिने लिहिलं होतं एकदा, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं होतं.

तर असा हा घुबड आज तिच्या कानात बोलत होता. आवाज मात्र मुळीच घुबडासारखा नव्हता. जरा दमलेला, जरा खोडकर, आणि बोलता बोलता मध्येच थांबणारा.

"तुमची तक्रार मी घेतली आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "आणि त्या ठिणगीबाईंचं मनावर घेऊ नका. असतात काही काही भांडकुदळ माणसं."

"नाही हो, तशी वाईट नाहीये ती," तो घाईघाईने म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या टेबलावरच्या सुपरवायझरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा तिने उगाच खोकून घेतलं.

कंपनीचा एक नियम होता. तक्रार ज्याने घेतली, ती मिटेपर्यंत त्याच्याच गळ्यात. कंपनीचा माणूस काही त्याच्या घरी फिरकला नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं फारसं दुःख झालं नाही. ती रोज दुपारी त्याला फोन करायची. तो कोपऱ्यावरच्या दुकानातल्या नेटवर बसून ठिणगीशी भांडायचा, आणि घरी येऊन तिच्याच जवळ ठिणगीची चुगली करायचा. बाकड्यावर दोघांचं ‘तू’, फोनवर ‘तुम्ही’.

"आज ती काय म्हणाली माहितीये? एकाच कंपनीच्या हातात सगळं गेलं की माणूस गिऱ्हाईक राहत नाही, कैदी होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. पटलं मला. पण तिला सांगू नका, डोक्यावर चढून बसेल."

"मी कशाला सांगू," ती म्हणाली, आणि दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत राहिली. संध्याकाळी भाजी निवडताना वहिनी म्हणाली, "वन्सं, काड्या पातेल्यात पडतायत आणि भाजी कचऱ्यात. कोण आहे तो?"

एका दुपारी मात्र तो नेहमीसारखा बोलला नाही.

"तुम्हाला एक सांगू? तुम्ही हसणार नसाल तर..."

"नाही हसणार."

तो लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. त्याचं एक चित्र होतं, चष्मा लावलेल्या घुबडाचं. आई आजारी असताना, तिला हसवायला काढलेलं. परवा बाजारात एका दुकानात त्याला तेच घुबड पिशव्यांवर छापलेलं दिसलं. ढिगाने. त्याने विचारलं तर दुकानदार म्हणाला, "नेटवरून घेतलं. नेटवरचं सगळ्यांचं असतं."

"मी भांडणारच होतो हो. तेवढ्यात एका छोट्या मुलीने ती पिशवी घेतली आणि गळ्यात अडकवून नाचायलाच लागली. मग मला... मला काही बोलताच येईना. हसलो आणि घरी आलो. आणि घरी आल्यावर रडलो. आई नाहीये आता." तो जरा थांबला. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगितलं, तेही कळत नाही."

तिला त्या क्षणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण मध्ये तारा होत्या, त्याही कंपनीच्या मालकीच्या. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत."

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग आपल्या बाईसाहेबांनी माती खाल्ली.

दोन दिवसांनी बाकड्यावर वाद चांगलाच पेटला. विषय होता, दुसऱ्याचं चित्र न विचारता वापरलं तर शिक्षा किती असावी. घुबड हट्टाला पेटलेला, चार लोक त्याच्या बाजूला, आणि ठिणगी एकटी. तिच्या अंगात आलं. बोटं भराभरा चालली. "एवढा कडक आहेस, तर त्या पिशवीवाल्या पोरीला का नाही अडवलंस? गुपचूप हसून घरीच आलास ना?"

पाठवलं. आणि पाठवल्यावर आपण काय करून बसलो ते तिला कळलं.

मग उत्तर आलं.

"हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. विश्वासाने."

ती पुसायला धावली तेवढ्यात आणखी एक ओळ आली. "दुकानदाराने निदान चित्रच घेतलं होतं." आणि घुबडाने बाकड्यावरचं आपलं खातं बंद केलं.

"मग फोन करून माफी माग," सगळं ऐकून वहिनी म्हणाली.

"सगळे कॉल रेकॉर्ड होतात, वहिनी. ठिणगी मीच आहे असं बोलले की नोकरी गेली."

"मग घरी जा त्याच्या. पत्ता आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये. तो त्याने नेट नीट व्हावं म्हणून दिलाय, मी दारात उभी राहावी म्हणून नाही. परत त्याचंच न विचारता उचलू?"

वहिनीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "इतकी शहाणी आहेस, तर ते लिहिताना शहाणपण कुठे गेलं होतं?" पण म्हणताना तिने नणंदेला जवळ ओढून घेतलं.

रात्रभर तिने दादाचा विचार केला, घराचा केला. नोकरी सुटली तर दुसरी शोधता येईल, असं स्वतःला सांगितलं. हे मात्र असंच राहिलं तर आपण आपल्यालाच आवडणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिने त्याचा नंबर लावला.

"नमस्कार..." पुढचं ते पाठ वाक्य तिला म्हणवेना. "मी बोलतेय. ठिणगी मीच आहे."

तो काही विचारायच्या आत ती पुढे बोलत गेली.

"पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, तू घुबड आहेस. मी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटत होती. आणि मजाही वाटत होती. तुझी ती गोष्ट मी भांडणात जिंकायला वापरली. चुकले. फार चुकले."

"हा कॉल रेकॉर्ड होतोय," तो हळूच म्हणाला. "तुमचीच ती टेपवरची बाई सांगते सुरुवातीला."

"माहीत आहे."

शेजारी सुपरवायझरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तुझा पत्ता, तुझा नंबर, तुझी गोष्ट... सगळं माझ्याकडे आहे, आणि तुझ्याकडे माझं काहीच नाही. म्हणून माझा पत्ता सांगते. यायलाच हवं असं नाही. फक्त असू दे तुझ्याजवळ." आणि तिने पत्ता सांगितला. गल्ली, मजला, दारावरची निळी पाटी, सगळं.

त्याने फोन ठेवला.

सुपरवायझरबाई वाईट नव्हत्या. नियम सांगताना त्यांना तिच्या नजरेला नजर देववली नाही. संध्याकाळी ती घरी आली ती नोकरी गमावूनच. दादा आधी तापला, मग सगळं ऐकून म्हणाला, "बघू काय करायचं ते. उपाशी तर नाही ना मरत आपण." आणि जुन्या ओळखीच्या माणसांना फोन लावत बसला.

तो आठवडा तिला फार जड गेला. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची, आणि बघितल्याबद्दल स्वतःवरच चिडायची. रविवारी पावसाची भुरभुर चालू होती. बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडा तरुण उभा होता. केस ओले, बोटांना शाई.

"माझं नेट अजून आलेलं नाही," तो म्हणाला.

तो आवाज तिने लगेच ओळखला. "मला सांगून उपयोग नाही. माझी नोकरी गेली."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "माझ्यामुळे?"

"नाही, माझ्यामुळे. तो दुकानदार आणि मी, फरक काय राहिला?"

"आहे फरक. त्याने माफी मागितली नाही." तो ओल्या बाहीने कपाळ पुसत राहिला. "राग आला होता मला. खूप. पण त्याहून जास्त मी... गोंधळलो होतो. काय झालं होतं, एकीशी भांडल्याशिवाय मला दिवस जात नव्हता, आणि दुसरीशी बोलल्याशिवाय झोप येत नव्हती. आपण असले दोन दगडांवर पाय ठेवणारे कधीपासून झालो, म्हणून मला माझीच लाज वाटायला लागली होती."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "मग?"

"मग काय. दोघी एकच निघाल्या. आठ दिवस लागले हे डोक्यात शिरायला." त्याने पहिल्यांदाच नीट तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मला तू आवडतेस. भांडतेस तेव्हाही, आणि गप्प बसून ऐकतेस तेव्हा तर फारच."

"मलाही..." ती म्हणाली. "मलाही तू. कधीपासून."

दोघं उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे तशीच उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं, "एक विचारू? हे... हे मी वहिनीला सांगितलं तर चालेल?"

मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की तिचा आठवडाभर टांगणीला लागलेला जीव भांड्यात पडला.

"चालेल," तो म्हणाला. "तू विचारलंस, म्हणजे झालं."

आतून वहिनीचा आवाज आला, "चहा टाकलाय तिघांचा. आणि मी काहीही ऐकलेलं नाही."