डावीकडे झुक

शार्दूल रविवारी टेकडीवरून परतला की हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं उड्डाण जेवताना बघायचं, अशी चंदीगडच्या मनीमाजऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत रीतच पडली होती. तो फोन तांब्याला टेकवून ठेवायचा, त्याची बायको ऋजुता मांडीवरच्या छोट्या नेत्राला वरणभात भरवत बघायची. आयटी पार्कात आठवडाभर मान मोडून काम करणाऱ्या माणसाला एवढी एक हौस असू दे, असं ती म्हणे. पॅराग्लायडिंगमधलं तिला काही कळत नसे.

त्या रविवारीही त्याने फोन तांब्याला टेकवला. फोनवर वारा फडफडला, डोक्यावरच्या पंखाची उजवी बाजू ओल्या चादरीसारखी मिटली आणि खालची शेतं गरकन फिरली. ऋजुताच्या हातातला घास हातातच राहिला. तेवढ्यात त्याच्या छातीवरच्या वॉकीटॉकीतून एक बाई बोलली. शांतपणे, चक्क मराठीत.

"हं, डावीकडे झुक. डावा ब्रेक हलका धर, ओढू नकोस. मिटलेल्या बाजूकडे बघूच नको. हं, आता उजवी दोरी एकदा लांब ओढ आणि सोड."

पंख फटकन उघडला. शेतं जागेवर आली.

"कोण ही?" ऋजुताने विचारलं.

"कोण काय? तूच की." तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "विक्रमजींनी तुला फोन लावून वॉकीटॉकीच्या सेटजवळ धरला असेल, असं वाटलं मला."

विक्रम म्हणजे त्याला उडायला शिकवणारा, कुल्लूकडचा माणूस. त्याने फोन केलाच नव्हता. त्या वेळी ऋजुता गच्चीवर नेत्राचे कपडे वाळत घालत होती.

चंदीगडमध्ये मराठी बोलणाऱ्या बाया अशा असून असून किती असणार? शार्दूलच्या ऑफिसात नुकतीच नाशिकहून आलेली एक होती, ओजस्विनी. गोडा मसाला कुठे मिळतो, असं निमित्त काढून ऋजुताने तिला फोन लावला. ती बिचारी सेक्टर बावीसमधल्या दुकानाचा पत्ता सांगत राहिली, आणि ऋजुता पत्ता सोडून नुसता आवाज ऐकत राहिली. हा आवाज चिरका होता, उड्या मारणारा. उड्डाणातली ती बाई ही नव्हती.

मग आठवडाभर नेत्रा झोपली की ती व्हिडिओतला तो तुकडा कानाला लावून बसे. स्वतःचा आवाज स्वतःला परका लागतो, हे तिला ठाऊक होतं. पण पंखाच्या दोरीला ब्रेक म्हणतात, हे तिने कधी ऐकलंही नव्हतं. शिवाय तिला असं शांत बोलता येत नसे. शार्दूलला घरी यायला जरा उशीर झाला तरी तिचा आवाज चढायचा. ऐकून ऐकून वाक्यं मात्र पाठ झाली. तिच्या घरात कुणीतरी शिरलं होतं, आणि नवरा त्या कुणालातरी तिच्याच नावाने ओळखत होता. त्या बाईला एकदा डोळ्यांनी बघायचंच, असं तिने ठरवलं.

पुढच्या रविवारी ती नेत्राला कडेवर घेऊन पिंजोरपलीकडच्या त्या टेकडीखाली, उतरायच्या शेतात उभी राहिली. शेतात विक्रमशिवाय चिटपाखरू नव्हतं. गेल्या वेळी मी सेट उचलेपर्यंत भाभीजीच बोलायला लागल्या होत्या, असं तो हिंदीत म्हणाला, आणि ती कुठून बोलली हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. तिने हात पुढे केल्यावर त्याने मुकाट्याने आपला सेट तिला दिला. बटण दाबलं की आपण बोलायचं. दाबलेलं असताना समोरचा ऐकू येत नाही, एवढं समजावलं.

शार्दूल टेकडीवरून सुटला आणि तिच्याकडेच येऊ लागला. पिवळा पंख मोठा होत गेला.

आणि मिटला. तिच्या उजव्या हाताची बाजू.

विक्रमने सेटसाठी हात टाकला, पण तिचं बोट बटणावर केव्हाच दाबलं गेलं होतं. "शार्दूल, उजवी मिटली. डावीकडे झुक, डावीकडे!"

"नाही," दाबलेल्या सेटमधून उत्तर आलं. "हं, उजवीकडे झुक. उजवा ब्रेक हलका धर."

"डावीकडे!" ऋजुता किंचाळली.

"उजवीकडे. घाई नको. हं, आता डावी दोरी लांब ओढ."

"उलटं बोललात, भाभीजी," विक्रम पुटपुटला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. शार्दूल तिच्याकडे तोंड करून येत होता. तिची उजवी ती त्याची डावी.

पंख उघडला.

शार्दूल धावत उतरला, पंख तसाच टाकून तिच्याकडे आला. चेहरा पांढराफटक, पण हसरा.

"वाचवलंस," तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकला आणि हात आपोआप चालले." मग विक्रमला ऐकू जाऊ नये इतपत हळू त्याने विचारलं, "पण मधेच ओरडत होती ती दुसरी बाई कोण? तिचं ऐकलं असतं, तर गेलोच होतो."

ऋजुताने सेट कानाशी नेला.

विक्रमने तिच्या हातातून सेट घेतला, बंद केला आणि पट्ट्याला अडकवला. कडेवरची नेत्रा दोन्ही हात पसरून त्या सेटकडे झेपावली. ऋजुताने तिला आवळून धरलं, तशी परक्याने उचलल्यासारखी ती भोकाड पसरून रडू लागली.