प्रसंगासकट

मिरजेत चष्म्याच्या दुकानावर भरणाऱ्या त्या इंग्रजीच्या वर्गात आता कुणी मोठ्यानं बोलत नसे. फळा होता, पण त्यावर काही लिहिलेलं नसे. ड्यूटी संपवून आलेल्या नर्सेस आणि दोन-तीन फार्मसिस्ट खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून बसत. प्रत्येकाच्या कपाळावर रबरासारखी करडी पट्टी असे. मधूनच कुणी गालात हसे, कुणाचे डोळे भरून येत. बघणाऱ्याला वाटावं, इथे प्रार्थना चालली आहे.

सुवार्ता सरोदे पहिल्या दिवशी दारातच थबकली. ती अनुभवी स्टाफ नर्स होती, पण स्कॉटलंडमधल्या नोकरीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली होती. नातेवाइकाची भूमिका करणाऱ्या बाईंना रुग्ण गेल्याचं सांगायचं होतं. 'पास्ड अवे' म्हणायचं, तर ती 'पास्ड आउट' म्हणून बसली. त्या बाईंनी शांतपणे विचारलं, मग शुद्धीवर कधी येतील? दोन्हींचे अर्थ तिला तोंडपाठ होते. ऐन वेळी नको तो शब्द पुढे आला.

"सिस्टर, एक सांगा," गोंधळेकर सर तिच्या कपाळावर पट्टी बसवत म्हणाले. "एखादी गोष्ट डोक्यावरून जाते आणि एखादा माणूस डोक्यात जातो. यातला फरक तुम्ही कुठल्या पुस्तकात शिकलात?"

"पुस्तकात कुठला सर? घरात ऐकला."

"बरोबर. कुणीतरी चिडून बोललं, तुम्ही त्याचा चेहरा पाहिलात. मेंदू वाक्प्रचार सुटा ठेवत नाही, प्रसंगासकट ठेवतो. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे अशा दात्यांना आम्ही एकेक वाक्प्रचार आठवायला सांगितला. त्या वेळी त्यांच्या मेंदूत जे तरंग उठले, ते टिपून ठेवले. ही पट्टी तेच तरंग हळूच तुमच्या मेंदूत उठवते. याला म्हणतात प्रसंगरोपण."

"म्हणजे दुसऱ्याच्या आठवणी?"

"छे! माणसं, नावं, जागा, सगळं गाळून घेतलेलं असतं. उरतो तो फक्त भाव."

गुण तर लगेच दिसला. वॉर्डात केरळच्या एका आजोबांशी इंग्रजीतच बोलावं लागे. त्यांना सुई टोचताना ती सहज म्हणाली, "टेक युअर टाइम." आजोबांनी खरोखरच श्वास सोडला. शब्द जुळवावे लागले नव्हते, आपसूक ओठांवर आले होते.

एका सकाळी तिची मुलगी जेमी नाश्त्याला बसली होती. गॅसवर दूध होतं, तेवढ्यात कुरिअरवाल्यानं बेल वाजवली. "आय'ल बी राइट बॅक," सुवार्ता मुलीला म्हणाली आणि जागीच थांबली.

करपलेल्या पावाचा वास आला. घरात पाव नव्हता. डोळ्यांसमोर निळ्या फरशीचं एक स्वयंपाकघर उभं राहिलं. दाराशी खुंटीला पिवळा रेनकोट लटकत होता. टेबलाशी लालसर केसांचा एक मुलगा पायांनी खुर्ची ठोकत बसला होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, लवकर येशील ना?

"यूअन, पाय हलवू नकोस," ती म्हणाली.

"यूअन कोण, मम्मी?" जेमीनं विचारलं. ती तर खुर्चीवर मांडी घालून बसली होती. दूध उतू जात होतं.

त्यानंतर ते स्वयंपाकघर अधूनमधून येतच राहिलं. 'डोन्ट वरी' म्हटलं की यायचं, 'टेक केअर' म्हटलं की यायचं. दर वेळी तीच सकाळ. हळूहळू सुवार्ताला त्या घरातला बशांचा खण कुठला तेही कळू लागलं. तिनं गोंधळेकर सरांना गाठलं. मुलाचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. चौकशी करतो म्हणाले.

चारेक दिवसांनी त्यांनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं.

"तुम्हाला दिलेल्या संचातले पुष्कळ वाक्प्रचार एकाच बाईंचे आहेत. दाते बरेचसे शुश्रूषागृहातले असतात, सिस्टर. अखेरचे आठवडे मोजणारे. आठवणी स्वच्छ असतात आणि सांगायची ओढ असते."

"म्हणजे ती गेली?"

"हो. मुलाला 'आय'ल बी राइट बॅक' सांगून तपासणीला म्हणून घराबाहेर पडली, ती पुन्हा घरी आलीच नाही. टिपून घेणारे सांगतात, कुठलंही वाक्य दिलं तरी ती त्याच सकाळी जाऊन उभी राहायची. कितीही गाळलं तरी झिरपतं आहे."

"माझ्यातून काढून टाका तिला."

"काढता येईल. पण मग तिचे सगळे वाक्प्रचारही जातील. आणि तुमची परीक्षा तोंडावर आली आहे."

घरी नवऱ्यानं तिच्यासोबत जायचं म्हणून स्वतःच्या राजीनाम्याची बोलणीही करून ठेवली होती. "राहू दे," ती शेवटी म्हणाली.

परीक्षेत पुन्हा मृत्यूचीच बातमी सांगायची आली. सुवार्तानं समोरच्या बाईंचा हात हातात घेतला आणि अगदी हलक्या आवाजात 'पास्ड अवे'चं ते वाक्य म्हटलं. नुसती भूमिका करणाऱ्या त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सुवार्ता पास झाली.

स्कॉटलंडला निघायच्या आधीच्या आठवड्यात गोंधळेकर सरांचा फोन आला. पट्टी बनवणारी कंपनी आता मराठीचा संच करत होती. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना बोली शिकायची होती आणि सुवार्तासारखी स्वच्छ आठवण असलेली दात्री हवी होती. तिला बरं वाटलं. आपलंही काही मागे राहील, असं वाटून ती गेली.

थंड खोलीत तिच्या कपाळावर पट्टी चढली. काचेपलीकडून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "ताई, सोप्यानं सुरुवात करू. 'येते हं.' हे तुम्ही कधी म्हणालात, ते आठवा."

सुवार्तानं डोळे मिटले. दारातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे आईनं शिकवलं होतं. ती आईचा चेहरा शोधू लागली. नर्सिंग हॉस्टेलला निघाल्याचा दिवस, जेमीला पहिल्यांदा शाळेत सोडलं ती सकाळ, काहीतरी नक्की असणार. पण करपलेल्या पावाचा वास आला. निळी फरशी आली. टेबलाशी बसलेल्या मुलानं मान वर केली. या वेळी तो मराठीत बोलला.

"येशील ना गं?"

ती जेमीला आठवू पाहत होती. तिथे बसलेली जेमी तिला दिसेना.

"वा, ताई!" पलीकडची मुलगी हरखून म्हणाली. "इतका ठळक तरंग आम्हाला अजून कुणाचाच मिळाला नव्हता. घेऊ ना हा?"

सुवार्ताच्या ओठांवर नकार होता. पण टेबलाशी बसलेला मुलगा तिच्याकडे टक लावून पाहत होता. तिनं नाही म्हटलं, तर तो जाणार कुठे? आणि हो म्हटलं, तर उद्या किती घरांच्या दारांत, किती बायांच्या तोंडून, त्याची आई त्याला येते म्हणून सांगत राहणार?