डावीकडची भाकरी

मी शहाद्याची मदिहा. मेंदूला मार लागलेल्या माणसांना पुन्हा जेवायला, दाढी करायला, रस्ता ओलांडायला शिकवणं हे माझं काम. भुताखेतांच्या गोष्टींची मला पहिल्यापासून चीड आहे. माझ्याकडच्या निम्म्या पेशंटांच्या दंडाला ताईत नाहीतर काळा दोरा असतोच. मी तो काढायला लावत नाही, पण मनातल्या मनात चार शब्द सुनावते. म्हणून कळसाडी गावचं सांगताना जे पाहिलं तेवढंच सांगणार आहे.

हेमकांत तिथला, चौतिशीतला. मार्चमध्ये उसाची ट्रॉली उलटली आणि डोक्याच्या उजव्या बाजूला मार बसला. पुढे तो चालता-बोलता झाला, पण त्याच्या लेखी जगाची डावी बाजूच संपली. डोळे ठणठणीत, फक्त लक्ष तिकडे जायचं नाही. दाढी उजव्या गालाचीच व्हायची. अंगणात डावीकडून बैल आला तरी ह्याला पत्ता नाही.

त्याची बायको स्वप्नाली शाळेत शिक्षिका होती आणि तिची रजा डिसेंबरात संपत होती. पाच वर्षांची काजल बालवाडीतून बाराला घरी यायची. बारा ते पाच तिला ह्याच्या भरवशावर ठेवायचं की नाही, हे मी लिहून द्यायचं होतं. पोर डावीकडून रस्त्यावर पळाली आणि बापाला दिसलीच नाही, तर?

पहिल्या दिवशी मी त्याचं ताट पाहिलं. ओसरीत एका कोपऱ्यात वेचलेला कापूस रचलेला, दारातून ऊन आत आलेलं. उजवीकडे भाकरी आणि वांग्याचं भरीत, डावीकडे भाकरी, ठेचा, कांदा. त्याने उजवीकडचं सगळं संपवलं आणि बरोबर मध्यावर थांबला.

"भाकर दे ना वं," त्याने बायकोला हाक मारली.

मी ताट फिरवलं. डावीकडची भाकरी उजवीकडे आली तसा तो हसला. "आठेच व्हती का? कमाल शे!"

मी ताटाच्या, चौकटीच्या, आरशाच्या डाव्या कडेला लाल टेप चिकटवली. लाल पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची, हा त्याचा धडा. घरच्यांना मात्र मी दम दिला: ताट कोणी फिरवायचं नाही, आणि जेवताना त्याच्या डावीकडे कोणी बसायचं नाही. माया करून माणसं घास पुढे सरकवतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ती जागा रिकामी राहू दे, त्याला स्वतःला शोधू दे.

हा नियम माझा. दुसऱ्या कोणाचा नाही.

तीन आठवड्यांनी स्वप्नालीचा फोन आला. ती रडत होती, पण आनंदाने. "मदिहाताई, चार दिवस झाले, ताट चक्क रिकामं होतंय! दोन्ही बाजूंचं!"

मी दुसऱ्याच दिवशी गेले आणि त्याच्यापुढे कागद ठेवला. पानभर आखलेल्या रेघांवर फुल्या मारायच्या होत्या. त्याने उजव्या अर्ध्यावर मारल्या आणि पेन ठेवला. घड्याळ काढायला लावलं, तर बाराचे बारा आकडे उजवीकडे दाटीवाटीने बसवले. सुधारणा शून्य! मग ताट कसं रिकामं होतं?

"कोणीतरी लाड करतंय ह्याचे," मी स्वप्नालीवर डाफरले. "काजल खाते का?"

"नाही हो ताई. आम्ही दोघी समोर बसतो. ताटाला हातसुद्धा लावत नाही. वाढून वळते, परत बघते तोवर संपलेलं असतं."

मी दोघींना मळ्यात पाठवलं आणि स्वतः त्याच्यासमोर बसले. दुपारचा एक वाजला होता. लांबून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत होती. त्याच्या डावीकडचा पाट रिकामा होता.

त्याने भरीत संपवलं. उजवी भाकरी संपवली. मध्यावर थांबला. डावी भाकरी अख्खी होती, ठेच्याला बोट लागलेलं नव्हतं.

मी वहीत वेळ लिहिली. एक वाजून बारा मिनिटं. एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

मान वर केली तेव्हा डावीकडे भाकरी नव्हती.

त्याचं तोंड हलत नव्हतं. डावा हात मांडीवर होता, कोरडा. ट्रॅक्टर कधीच पुढे निघून गेला होता, तरी अगदी जवळ कोणीतरी कांदा चावत असल्याचा कचकच आवाज येत होता.

मग तोही थांबला.

"हेमकांतभाऊ, डावीकडचं कोणी खाल्लं?"

तो उजवीकडे, दाराकडेच बघत राहिला. "तठे देखानं नही, मॅडम."

"तिकडे बघायचं नाही? कोण म्हणतं?"

त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

त्याच दिवशी मी नकार लिहून द्यायला हवा होता. पण काय लिहिणार? पेशंटची भाकरी दुसरंच कोणी खातं? संध्याकाळी ओट्यावर स्वप्नाली माझे हात धरून बसली. "ताई, सोमवारी हजर झाले नाही तर नोकरी जाईल. माझं दुसरं कोणी नाही." मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर भ्यायले हे स्वतःशी कबूल करायची लाज वाटली. मी लिहून दिलं: जेवण स्वतः पूर्ण करतो, मुलीबरोबर घरी राहू शकतो. एक अट मात्र घातली. काजलने कायम बापाच्या उजव्या बाजूला बसायचं, म्हणजे ती त्याला दिसत राहील. आपण भलतं शहाणपण केलं असं तेव्हा वाटलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी फोनवर स्वप्नाली खुशीत होती. काजल मजेत होती, घरात भांडंसुद्धा पडलं नव्हतं, आणि हेमकांतने दोन्ही गालांची दाढी केली होती.

गुरुवारी दुपारी मी न कळवता गेले. दोघं ओसरीत जेवत होते. हेमकांतच्या उजव्या हाताला काजल, म्हणजे तिच्या डाव्या हाताला बाप. मी मुद्दाम मागून त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिले, तरी त्याने लगेच मान फिरवली. "या, मॅडम."

मी फुल्यांचा कागद दिला. त्याने पान भरून फुल्या मारल्या, अगदी डाव्या कडेपर्यंत. नऊ महिन्यांत पहिल्यांदा! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले.

"आते मन्हा डावा बाजूले कोनीच नही, मॅडम," तो हळूच म्हणाला. "ऊठी गयं."

उठून गेलं, पण कुठे? मी काजलकडे पाहिलं. तिने उजवीकडचं वरण संपवलं होतं आणि ती ताटाच्या मध्यावर थांबली होती. डावीकडे अर्धी भाकरी तशीच होती. तिच्या डोक्याला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं.

"काजल," मी विचारलं, "बाबा कुठे आहेत गं?"

तिने उजवीकडे दाराकडे पाहिलं, मग अंगणाकडे.

"बाबा मळामाईन उना नही अजून." मळ्यातून आला नाही म्हणे, आणि बाप तर तिच्या डाव्या हाताला बसलेला.

हेमकांतने तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "काजल, मी आठे शे ना वं बेटा," तो म्हणत होता. ती दाराकडेच बघत राहिली.

मी तिच्या ताटाकडे पाहिलं. दोन्ही बाजू स्वच्छ होत्या.